हीटरवाल्या दादांना आंब्याकडून आणि आमच्या घराकडून थँक्यू

दादा, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. आमचा पोपट आंब्या आता रात्री मान पाठीत घालून एका पायावर गाढ झोपतो, पिसं फुगवत नाही, कापत नाही, आणि ते बघितलं की रोज तुमचं नाव निघतं घरात.

यंदाची थंडी तुम्हाला मी काय सांगू. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की इकडं आपल्या साताऱ्यात यवतेश्वराकडनं वारं खाली उतरतं आणि आमच्या शाहूपुरीतल्या पत्र्याच्या खोलीत सरळ घुसतं. आपण स्वेटर घालतो, कानटोपी घालतो, त्याचं काय? आंब्या सन कॉन्युर जातीचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडच्या उकाड्यातला पक्षी, सगळा मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव. (कुणी विचारायच्या आत सांगते, हा देशी पोपट नाही. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. आमचा परदेशी जातीचा आहे, रीतसर नोंद केलेला.) रात्री उठून बघावं तर कापसाच्या बोळ्यासारखा फुगून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार नाही, गारठा आहे, खोली उबदार ठेवा, पण काय लावताय ते बघून लावा, टेफ्लॉनचं कोटिंग (नॉनस्टिक तव्याला असतं ते) असलेलं काही चालणार नाही.

मग सुरू झाली माझी वणवण. एका मोठ्या दुकानात विचारलं की ह्या हीटरच्या आत कोटिंग आहे का, तर तो माणूस खोक्याकडं न बघताच नाही म्हणाला. म्हटलं जरा वाचून तर बघा, तर म्हणतो ताई काही होत नसतं, घेऊन जावा. दुसरीकडं मालक आणि त्याची पोरं हसायलाच लागली, पोपटाला हीटर? असं हसलं की माणूस पुढचा प्रश्न विचारायचाच थांबतो. आणि काही होत नाही म्हणणाऱ्यांचा मला अजून राग आहे, कारण होतं. ते कोटिंग साधारण २६० अंशाच्या वर तापलं की त्यातनं विषारी वायू सुटायला लागतो, आपल्याला वासही येत नाही, जास्तच झालं तर माणसाला कणकण आल्यासारखं होऊन जातं, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळेला त्यांच्या फुफ्फुसातनं ताजी हवा जाते, म्हणून जे चांगलं ते पटकन भिनतं आणि जे वाईट तेही.

शेजारच्या काकूंनी मायेनं सांगितलं, निखाऱ्यांची शेगडी ठेव खोलीत, आमच्या लहानपणी तेच असायचं. काकूंवर राग नाही, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ते माणसालाही सोडत नाही. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत ह्याचसाठी कॅनरी पक्षी खाली न्यायचे, पक्षी आधी कोसळला की कामगारांनी पळायचं, आणि ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि मग तुम्ही. तुमचं दुकान केवढंसं, गिझर दुरुस्तीला आलेले, इस्त्र्या उघडून ठेवलेल्या, बसायला जागा नाही. मी परत तोच प्रश्न विचारला आणि मनात धरलंच होतं की परत तेच उत्तर येणार. तुम्ही म्हणालात, "वैनी, मला ह्यातलं ठावं न्हाई. पण ठावं न्हाई तर इकायचं कसं? थांबा जरा." दादा, इतक्या दुकानांत "मला माहीत नाही" म्हणणारे तुम्ही एकटे. चष्मा शोधलात, खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचलीत, कंपनीला फोन लावलात आणि तिकडनं नीट उत्तर आलं नाही म्हटल्यावर तो हीटर बाजूला सरकवलात, "हा तुमाला देत न्हाई". विकला असतात तर मी घेऊन गेले असते. बाकी पुढचं सगळं, म्हणजे ऑइल हीटरच का, लाल तापणारा रॉड आणि गरम हवा फेकणारा ब्लोअर का नको हे ठरवणं, एक्स्टेन्शन बोर्ड नको म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढणं, नवीन रंगाचा वास जाईपर्यंत तो हीटर दुकानामागं उघड्यावर तापवत ठेवणं, ते तुम्ही केलंत आणि मी नुसती बघत होते.

पण मला खरं जे लिहायचंय ते वेगळंच आहे. हीटर बसवून झाला, पैशाचं झालं, तुम्ही चपला घालायला गेलात आणि परत आत आलात. पिंजऱ्यापाशी फरशीवर मांडी घातलीत, आंब्या ज्या दांडीवर बसतो बरोबर त्या उंचीला पिंजऱ्याच्या बाहेरनं हात धरलात, तळवा हीटरकडं करून, आणि तसेच बसलात. पाच मिनिटं असतील, दहा असतील. कुणाशी बोलला नाहीत. मधेच उठून हीटर वीतभर लांब सरकवलात आणि परत हात धरून बसलात. मी म्हटलं दादा थर्मामीटर आणलाय मी, तर म्हणालात तो लावाच, पण माझ्या हाताला सोसतंय ते त्याला सोसंल असं न्हाई. मग पिंजरा थोडा फिरवून घेतलात आणि म्हणालात, एक बाजू गार ऱ्हाऊ द्या, उकडलं तर त्यो सरकंल तिकडं, त्याचं त्याला ठरवू दे. आणि चोच उघडून धापा टाकायला लागला, पंख अंगापासनं लांब धरले तर लगेच बंद करा, हे पण. कुठं कळलं तुम्हाला हे? म्हणालात, गावाकडं कोंबड्या होत्या.

तुमच्या त्या हाताला सोल्डरचे डाग होते, एका नखाला काळं पडलेलं. तो हात आंब्यासाठी तसा धरलेला मी विसरूच शकत नाही. ह्याचे तुम्ही पैसे लावले नव्हते, ह्याची पावती नव्हती, न करता गेला असतात तरी मला काही कळलं नसतं. माणसं चांगली असतात ती अशी, समोरच्याचं जे काय लहानमोठं असेल ते त्याच्याइतकंच मनावर घेणारी. आपल्याकडं अशी माणसं आहेत, बोळाबोळात आहेत, त्यांची पाटी मोठी नसते म्हणून आपण आधी दुसरीकडं जातो.

वायरीवर तुम्ही घातलेली पाइप आंब्यानं चोच मारून बघितली, काही झालं नाही तिला. अगरबत्ती आणि मच्छरची कॉइल त्या खोलीत बंद केली आहे, तुम्ही धूर नको म्हणाला होतात. सासूबाई देवाजवळ नुसती समई लावतात आता.

त्या दिवशी तुम्ही गडबडीत चहा न घेताच गेलात. रविवारी वहिनींना आणि पोरांना घेऊन जेवायला या, पिठलं-भाकरी करते. पोरांना आंब्याला हातावर घेता येईल, तो चावत नाही, फक्त शर्टाची बटणं सांभाळायला सांगा.