रविवारी इंजिनं आणण्याआधी एवढं वाचा

मंडळी, रविवारी स्टीम-अप आहे, म्हणजे आपापली वाफेवर चालणारी मॉडेल इंजिनं एकत्र चालवायची, लक्षात असेलच. ज्यांनी जुनं इंजिन विकत घेतलंय किंवा बरीच वर्षं कपाटात पडलेलं बाहेर काढलंय त्यांनी प्लीज थेट बर्नर पेटवू नका, आधी बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट करा, म्हणजे बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, आतली सगळी हवा काढायची आणि हातपंपाने वर्किंग प्रेशरच्या (इंजिन नेहमी ज्या प्रेशरवर चालतं त्याच्या) दीडपट प्रेशर देऊन गेजचा काटा खाली येतो का बघत बसायचं. कॉम्प्रेसरने ही टेस्ट अजिबात नको!! दाबलेली हवा सुटली की तुकडे उडतात, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही म्हणून जरा गळलं की प्रेशर लगेच उतरतं. टेस्टसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून प्लग लावला असेल तर व्हॉल्व्ह आठवणीने परत बसवा.

जुन्या मॉडेलच्या बॉयलरवर पांढरट गुंडाळी दिसली तर खरवडू नका, ॲसबेस्टॉस असू शकतं. ल्युब्रिकेटरमध्ये (इंजिनाला तेल पुरवणाऱ्या डबीत) स्टीम ऑइलच घाला, म्हणजे वाफेच्या इंजिनासाठीचं खास तेल. आणि मूळ रंग घासून काढायची घाई नको, मला तरी ओरखडे असलेला जुना रंगच जास्त आवडतो.

पंप आणि गेज मी आणतोय, टेस्ट राहिलेल्यांनी तासभर आधी या.