फॉरमॅट मारू देऊ नकोस, पक्या!

राजारामपुरी, कोल्हापूर
18 जून 2001

प्रिय पक्यास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वहिनींची आणि पोरांची खुशाली एका ओळीत उरकलीस आणि बाकी सगळी पानं त्या सेकंडहँड कॉम्प्युटरला शिव्या! आणि वर तुझा गडहिंग्लजचा मेकॅनिक म्हणतो, विंडोज उडवून परत टाकू. अजिबात टाकू देऊ नकोस. हल्ली कुणाचंही काही बिघडलं की फॉरमॅट मारायचा, असली वैदूगिरी सुरू आहे. तुझं विंडोज 98 धडधाकट आहे. फॉरमॅटनंतर आतल्या कार्डांचं भांडण जसंच्या तसं परत उभं राहील आणि तुझ्या सोसायटीचे हिशेब तेवढे जातील.

तू लिहिलेल्या दोन लक्षणांवरूनच रोग कळतोय. मोडेम, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडणारं कार्ड, डायल करायला लागला की माउस थिजतो. आणि भजन लावलं की सुरुवातीचा एवढासा तुकडा 'विठ्ठ-विठ्ठ-विठ्ठ' असा अडकून वाजत राहतो.

आतल्या कार्डाला प्रोसेसरकडून काम करून घ्यायचं असलं की ते एका ठरलेल्या ओळीवरून हाक मारतं. ती ओळ म्हणजे आयआरक्यू. 0 पासून 15 पर्यंत सोळाच ओळी, त्यातल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या: 0 घड्याळाला, 1 कीबोर्डला, 6 फ्लॉपीला, 14 आणि 15 हार्डडिस्क-सीडीला. तुझी मोडेम आणि साउंड ही दोन्ही कार्डं जुन्या आयएसए जातीची. ती आपली ओळ दुसऱ्याला वापरू देत नाहीत.

आता माउस. तुझा माउस सिरियल, कॉम 1 वर, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवर, आणि त्याची ओळ 4. मोडेम तू लिहितोस कॉम 3 वर. पत्ता वेगळा, पण कॉम 3 ची ओळही 4 च! तशीच कॉम 2 आणि कॉम 4 ची ओळ 3. म्हणजे मोडेमनं तोंड उघडलं की माउसची हाक कुणी ऐकत नाही. तेव्हा मशीन बंद करून पिन काढ, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग मोडेमचं कार्ड बाहेर घे. त्यावर छोटे जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या टोप्या, दिसतील, कुठला कशाचा ते बहुतेक कार्डावरच छापलेलं असतं. ते कॉम 2, आयआरक्यू 3 वर बसव. कार्ड लगेच परत लावू नकोस. मदरबोर्डाचा स्वतःचा कॉम 2 असतो, तो आधी बंद करायला हवा. मशीन चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानांत, जा, 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स'मध्ये दुसरा सिरियल पोर्ट डिसेबल कर. हे राहिलं तर भांडण 4 वरून 3 वर जाईल, एवढंच.

मग एफ8 दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जा आणि डिव्हाइस मॅनेजर उघड. एकच मोडेम दोन-तीनदा दिसला तर चकित होऊ नकोस. आधीच्या मालकाची भुतं आहेत ती. सगळे मोडेम रिमूव्ह कर.

मोडेम अजून बाहेरच राहू दे, आधी साउंड कार्ड बघू. एका वेळी एकच कार्ड, म्हणजे कोण कुणाशी भांडतंय ते कळतं. तुझं 'विठ्ठ-विठ्ठ' ऐकून मला बरंच वाटलं, मर्दा. कार्ड मेमरीतला छोटासा तुकडा गोल गोल वाजवत असतं आणि तो संपत आला की 'पुढचं द्या' म्हणून हाक मारतं. हाक पोचली नाही की तोच तुकडा पुन्हा. म्हणजे कार्ड, स्पीकर, डीएमए (मेमरीतून थेट माहिती उचलायची वाट) सगळं ठीक, फक्त ओळ चुकली. साउंड ब्लास्टर 16 चं नेहमीचं गणित असं: पत्ता 220, आयआरक्यू 5, डीएमए 1 आणि 5. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या 'कॉम्प्युटर'वर डबल क्लिक केलंस की कोणती ओळ कुणाकडे ते दिसतं. 5 वर एखादं नव्या पीसीआय जातीचं कार्ड बसलं असेल तर बायोसच्या 'पीएनपी/पीसीआय' पानावर 5 पुढे 'लेगसी आयएसए' निवड, ते कार्ड दुसरीकडे सरकेल.

वेव्ह फाइल वाजते आणि ऑडिओ सीडी मुकी, असं झालं तर ड्रायव्हरशी झटत बसू नकोस. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जाते, ती सुटलेली असणार.

आवाज लागला की मोडेम बसव. कंट्रोल पॅनेलमध्ये मोडेम्स, डायग्नॉस्टिक्स, 'मोअर इन्फो'. उत्तरं आली म्हणजे जंपरचं काम फत्ते. तरी 'नो डायल टोन' म्हणाला तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल टोनची वाट बघण्याची खूण काढून टाक. बऱ्याच मोडेमचे कान अमेरिकन टोनला सरावलेले असतात, आपला टोन त्यांना ओळखू येत नाही. एक्स्चेंज जुनं असेल तर टोन डायलिंगऐवजी पल्स डायलिंग निवड.

त्यानंही नाही जमलं तर मात्र विचारतो: मे महिन्यात वळवाच्या वेळी फोनची वायर मोडेमलाच होती का? वीज लाइनवरून येते आणि मोडेमचा फोनकडचा भाग जाळते. कॉम्प्युटरकडचा भाग जिवंत राहतो, म्हणून डायग्नॉस्टिक्समध्ये तो मजेत 'ओके' म्हणतो आणि लाइन मात्र पकडत नाही. इथं दुकानात पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी असे मोडेम येतातच. यापुढे आभाळ भरलं की वायर काढत जा.

आणि मोडेमवर 56 के, म्हणजे सेकंदाला 56 किलोबिट, लिहिलंय म्हणून 56 ची आशा धरू नकोस. तो आकडा फक्त येणाऱ्या माहितीचा, जाणारी 33.6 वरच थांबते. गावच्या लाइनवर त्याच्याही खाली आलं तर गप्प बसायचं. स्वयंपाकघरातला पॅरलल फोन काकूंनी उचलला की लाइन तुटणार, त्याला माझ्याकडे औषध नाही.

आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला येशीलच. मोडेम जळलेला निघाला तर कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन ये, दुकानात जुने जंपरवाले पडलेत, त्यातला एक देतो. कुणी नवा स्वस्त पीसीआय मोडेम गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. त्यातल्या बहुतेकांचं निम्मं काम प्रोसेसरलाच करावं लागतं आणि तुझा पेंटियम आधीच दमलेला आहे.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर ईमेलनं आलं तर समजेन.

तुझा,
सुधीर