तहसीलसमोरच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

वयाने मी तुमच्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी. तरी मी तुम्हाला ताई म्हणते आणि तुम्ही मला काकू. ते तसंच राहू द्या. पत्र मोबाईलवर लिहितेय, शुद्धलेखन लेकीने तपासलंय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं कारण म्हणजे बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतले दोघं-तिघं तरी मला प्रवेशाचं आणि फी माफीचं विचारायला येतात. तुम्ही सांगितलेलं मी त्यांना अर्धंमुर्धं सांगते. निदान एकदा नीट लिहून ठेवावं.

जुलै २०२४. तुमच्या महा ई-सेवा केंद्रात त्या दिवशी ही गर्दी. पीक विम्याचे शेतकरी, लाडकी बहीणच्या बायका आणि मधेच मी, मांडीवर पर्स घट्ट धरून. माझा नंबर आला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा दाखला नाही मागितला. म्हणालात, "काकू, पर्समध्ये काय आहे एवढं?" मी खोटं बोलले, कागद आहेत म्हणाले. रुमालात पाटल्या होत्या. तुमच्याकडून उत्पन्नाचा दाखला घ्यायचा आणि तिथून सरळ सोनेतारण कर्ज काढायला जायचं, असं ठरवून निघाले होते.

झालं असं होतं की लेकीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, ९१ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर हवं होतं. दिरांच्या ओळखीचा पुण्यातला एक माणूस म्हणाला, कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशात, कॉम्प्युटर मिळणार नाही, मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, करून देतो, वर दोन लाख लागतील. फीचं विचारलं तर म्हणाला, "मुलींना आता शिक्षण फुकट आहे, टीव्हीवर सांगितलंय की. नंतर अर्ज करा." आम्हाला ते पटलं. न पटायला काय होतं? बातमी तर आम्हीही ऐकली होती.

हे तुमच्या कानावर घातलं, तेव्हा तुम्ही टाइप करायचं थांबलात. एक खराब झालेला फॉर्म उलटा केला आणि मधोमध रेघ मारली. तो कागद अजून माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. डावीकडे 'कॅप', उजवीकडे 'कोटा'. दोन्हीकडे त्याच कॉलेजची फी, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवरून काढलेली. खाजगी कॉलेजची फी तिथे ठरते आणि कुणालाही पाहता येते, हे मला तेव्हा कळलं. एकूण १,३२,०००. त्यातली ट्यूशन फी १,२०,००० आणि डेव्हलपमेंट फी १२,०००. मग ट्यूशनच्या आकड्यावर तुम्ही काट मारली, पण फक्त डावीकडे.

"काकू, माफी अर्ज केल्यावर ठरत नाही. कुठल्या दाराने आत गेलात त्यावर ठरते."

कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. कॅपमधून गेलं तरच. इडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसइबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुली, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, व्यावसायिक अभ्यासक्रम. यांची आधी निम्मी माफ होणारी ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ. आम्ही ओबीसी, आमच्या यांची स्कूल व्हॅन आणि माझी शिलाई धरून उत्पन्न २ लाख १० हजार. म्हणजे सगळ्यात बसत होतो, आणि स्वतःच्या पायाने बाहेर पडायला निघालो होतो, तेही पाटल्या गहाण टाकून! कागदाच्या तळाशी तुम्ही चार वर्षांची बेरीज केलीत. फी वाढली नाही असं धरून डावीकडे ४८,०००. उजवीकडे ५,२८,००० आणि वरचे दोन लाख वेगळे. तुम्ही "कोटा घेऊ नका" असं एकदाही म्हणाला नाहीत. पेन खाली ठेवून मागच्या माणसाचा आधार नंबर विचारायला लागलात.

घरी भांडण झालं. लेक दोन दिवस बोलली नाही. दिरांना तर तो अपमानच वाटला. शेवटी कॅपमधून पुण्यातच ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, मिळालं. आज ती त्यावर खूश आहे की नाही, हे मी सांगणार नाही. ते तिचं तिने सांगावं.

मग कागदांचा फेरा. मी समजत होते उत्पन्नाचा दाखला म्हणजेच नॉन-क्रिमिलेअर, ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. पहिला तहसीलचा, दुसऱ्यावर प्रांतांची सही, आणि दोन्ही वेगळे लावायचे. उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा काढायला लावलात, नाहीतर पुढच्या जूनला मी पुन्हा तलाठ्यांना शोधत फिरले असते. जात पडताळणी अकरावीतच झाली होती, ते एक बरं.

कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी खिडकीवरचा माणूस म्हणाला, पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू. आमच्याकडे वीस-बावीस हजार. मागे रांग, लेक रडवेली, हे गप्प. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "भांडू नका. पिशवीत शासन निर्णयाची प्रिंट ठेवलीय, ती दाखवा. तरी ऐकलं नाही तर म्हणा, पूर्ण भरायला सांगताय ते लेखी द्या." प्रिंट तुम्ही कधी ठेवलीत मला ठाऊकही नव्हतं. मी आयुष्यात कुणाला 'लेखी द्या' म्हटलं नव्हतं, गिऱ्हाइकाला उधारीसुद्धा तोंडीच. आवाज कापत होता, पण म्हटलं. तो माणूस आत गेला, दहा मिनिटांनी आला आणि १९,४०० ची पावती फाडली. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, विमा आणि बारीकसारीक. पावती हातात आल्यावर मी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. फी म्हणजे एक आकडा नसतो, पाच-सहा आकड्यांची मोळी असते, हे तुमच्या त्या रेघेमुळे कळलं होतं.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती साइटवरचा, अर्ज तुम्ही रात्री साडेअकराला भरलात. दिवसा साइट चालत नाही, हे काय मी वेगळं सांगायचं. एकदा तो कॉलेजकडून परतही आला, दाखल्याचा फोटो पुसट म्हणून. आणि खात्याची गंमत! आम्ही लेकीचं नवं खातं काढून पासबुक घेऊन आलो, तर तुम्ही आधार टाकून पाहिलं आणि दाखवलंत की आधारला जोडलेलं आहे ते तिचं सातवीतलं खातं, ज्याचं पासबुक कुठे गेलं देव जाणे. सरकारचा पैसा फॉर्ममधला खाते नंबर बघून येत नाही, आधारला जे जोडलंय तिथे जातो. बँकेत जाऊन ते बदलून घेतलं. नाहीतर पैसे आले असते आणि आम्ही आले नाहीत म्हणून वाट बघत बसलो असतो.

तुमच्यामुळे सगळंच मिळालं असं नाही, तेही लिहिते. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज केला होता. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात, भोजनाचे ३२, राहण्याचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार. पण जिल्ह्याला जागा ठरलेल्या आणि गुणवत्तेची यादी. आमचं नाव लागलं नाही. मी तुमच्यापुढे रडले, तुम्ही चहा मागवला आणि म्हणालात, आता कर्जाचं बोलू. आधी नाही, आता. माफी किती, भत्ता किती, घरातून किती, हे कळल्यावर जी फट उरते तेवढंच कर्ज. मी तर सुरुवातच कर्जापासून करणार होते.

फट निघाली दोन वर्षांच्या खोली आणि मेसची, दोन लाख. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला. बँकेत साहेबांनी तारण विचारलं, तेव्हा यांनी तुम्ही शिकवलेलं वाक्य म्हटलं, ४ लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर. शिवाय ४.५ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, पण कोर्स आणि कॉलेज त्या योजनेत बसायला हवं आणि दाखला बँकेत आपणहून नेऊन द्यावा लागतो. तो दिला आणि पोच घेतली. आताशा मी सगळ्याची पोच घेते. यांना त्याचं हसू येतं.

एवढं करून तुम्ही माझ्याकडून घेतलेत अर्जाचे आणि प्रिंटचे नेमाचे पैसे. पाचशेची नोट पुढे केली तर म्हणालात, "काकू, दुकान बंद करायला लावता का?" म्हणून मग तो ब्लाऊज. माप न घेता शिवला, नुसत्या अंदाजाने, पाठीला पायपिंग लावून. भगवंताच्या देवळातला पेढा आणि तो, दोन्ही घेतलेत. बाही जराशी घट्ट झालीय, मी पाहिलंय. तुम्ही बोलला नाहीत.

नूतनीकरणाचा अर्ज यंदा लेकीने स्वतः भरला, हॉस्टेलच्या खोलीतून, रात्री साडेअकराला. दर वर्षी भरावा लागतो हे तिला सांगावं लागलं नाही.

सोमवारी येतेय. एकटी नाही, शेजारचे भाऊ आणि त्यांचा मुलगा बरोबर आहेत. त्यांनाही कुणी तरी कोट्याचं सांगितलंय. ओबीसी मुलाला ट्यूशन निम्मीच माफ होते, इथपर्यंत मी सांगितलंय. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या, जागांचं मला नीट समजावता येईना, ते तुम्ही सांगा. पाठकोरा कागद मी घेऊन येते. आणि तो ब्लाऊज दुकानात आणून ठेवा, बाहीला आत दोन बोटं कापड सोडलेलं आहे, उसवून देते.

तुमची,
शिलाईवाल्या काकू
बार्शी