पोरखेळच आहे, मग?

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या याच पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मुंबईतल्या एका गॅलरीत दोरीवर चढणारं लाकडी माकड, पत्र्याचे पक्षी असलं कायकाय मांडून ठेवलंय आणि त्याला कला म्हणतायत, हा निव्वळ पोरखेळ आहे. ते प्रदर्शन मीपण पाहून आले. त्यातली निम्मी कामं मला आवडली, निम्मी उगाच फोटोत गोड दिसावीत म्हणून केल्यासारखी वाटली, ते जाऊदे. पण पोरखेळ हा शब्द शिवी दिल्यासारखा वापरलाय ना, ते काही पटलं नाही.

के. जी. सुब्रमण्यन यांचं नाव त्या वाचकांनी ऐकलं असेल, २०१२ साली पद्मविभूषण मिळालेले चित्रकार. बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत मेळा भरायचा, तिथे शिकवणारे आणि शिकणारे सगळेच वस्तू बनवून विकायला ठेवायचे, आणि हे सर त्यासाठी लाकडाचे तुकडे, मणी, चामड्याच्या पट्ट्या जोडून खेळणी करायचे, प्राणी बिणी. चित्रं, म्युरल्स, लेख हे सगळं चालू असताना. खेळणी केली म्हणून त्यांची चित्रं काही हलकी झाली नाहीत. त्यांच्याही आधी बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी म्हातारपणी वाळक्या फांद्या आणि मुळं गोळा करून त्यांतून पक्षी-प्राणी काढले, त्यांना बंगालीत कुटुम-काटाम म्हणतात. म्हणजे आपल्याकडे हे काही काल परवाचं फॅड नाही.

आणि बाहेरचं उदाहरण हवंच असेल तर अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर. हा शिकलेला इंजिनिअर, १९२६ साली पॅरिसला गेला आणि तार, बूच, चिंध्या असल्या सटरफटर सामानातून एक अख्खी सर्कस बनवायला घेतली, पुढची चारपाच वर्षं तिच्यात भर घालत राहिला. शेवटी ती पाच सुटकेसमध्ये भरायची. ती नुसती मांडून ठेवत नसे तो, जमिनीवर गुडघे टेकून स्वतः चालवायचा, झोक्यावरचा बाहुला कधी नीट पकडला जायचा कधी पडायचा, पडला की उचलून परत. बघायला कोण, तर मोंद्रियान, मिरो असे मोठमोठे चित्रकार! पुढे जगभर गाजलेली त्याची हवेवर डुलणारी शिल्पं, ती मोबाइल म्हणतात ना, ती याच तारेच्या खेळातून आली. १९५५ साली तो अहमदाबादला उद्योगपती साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला होता आणि तिथे बसून शिल्पं करून गेला. ती सर्कस आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे आहे.

पण ती आता काचेत, आणि गप्प. नशीब, तो खेळ करतानाची फिल्म १९६१ मध्ये कुणीतरी करून ठेवली. माझं खरं दुखणं तेच आहे. खेळणं हललं नाही तर त्यातली अर्धी कला आपल्याला दिसतच नाही हो. दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आठवतात का? फळीवर चारपाच कोंबड्या गोल, त्यांच्या माना दोऱ्यांनी खाली लोंबणाऱ्या गोट्याला बांधलेल्या, फळी हातात धरून फिरवली की गोटा गोल फिरतो आणि एकेक जण वाकून टकटक करते. तिथे गोट्याचं वजन चुकलं किंवा दोरी दोन बोटं लांब झाली की कोंबडी मान हलवतच नाही. पुतळ्यात चूक झाली तर मोठं भाषण देऊन झाकता येते, इथे चार वर्षांचं पोर सांगतं, आई हे बिघडलंय.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. चितारआळीतली लाकडी फळं बघत मोठी झाले, आणि खेळायला म्हणाल तर पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळलेल्या झावळीच्या रुंद देठावर, बसून एकमेकांना ओढायचं, आंब्याच्या कोयीची पुंगी. ती फळं इतकी हुबेहूब की आमच्याकडे एका पाहुण्यांनी केळं सोलायला घेतलं होतं. पण तिथे दुकानात उभं राहून ऐका, एवढ्याशा आंब्याला एवढे पैसे? घासाघीस चालूच. आणि हीच मंडळी गॅलरीत शिरली की आवाज खाली, किमतीच्या चिठ्ठीसमोर कशी गंभीर. म्हणून हाताने केलेलं सगळंच ग्रेट असं माझं म्हणणं नाही, आळीतपण तेच तेच साचे वर्षानुवर्षं चालतात, पण निदान दोन्हीकडे एकाच डोळ्याने बघा की.

आता त्या गॅलरीबद्दल. प्रत्येक स्टँडवर हात लावू नये ची पाटी. एक पाचेक वर्षांचा मुलगा माकडाच्या दोरीकडे गेला तर आईने दंड धरून बाजूला केलं, तो रडायला लागला. मला विचाराल तर त्या अख्ख्या हॉलमध्ये प्रदर्शन बरोबर कळलेला तो एकटाच. सगळ्या वस्तू द्या असं कोण म्हणतंय, तुटतील, कळतं. पण प्रत्येकाची एखादी साधी कॉपी हाताळायला ठेवा, नाहीतर दर तासाला कुणीतरी चालवून दाखवा, मग ते पत्र लिहिणारे वाचकसुद्धा दहा मिनिटं हलणार नाहीत बघा.

तोपर्यंत त्यांना माझा निरोप द्या, दुपारी दोननंतर जा, गर्दी नसते. तिथे एक गार्डकाका आहेत, नीट विचारलं तर इकडेतिकडे बघून दोरी ओढतात आणि माकड सरसर वर जातं, मला दोनदा दाखवलं. फक्त गॅलरीचं नाव छापू नका, काकांची पंचाईत व्हायची.

आपली,
एक नेहमीची वाचक, डोंबिवली