सोनूच्या ऑडिशनसाठी लंडनहून पत्र

लंडन, रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आधी आजीची समजूत घाल. रॅडाचा (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टचा) इथला उच्चार खरोखरच ‘राडा’ असा करतात, पण ती १९०४ साली सुरू झालेली नाट्यशाळा आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

आता तुझं काम. तिथे किंवा लॅम्डासारख्या इथल्या दुसऱ्या नाट्यशाळेत अर्ज करायचा तर साधारण दोन स्वगतं लागतात, एक शेक्सपिअरच्या काळातलं आणि एक आधुनिक. दोन्हींचा पोत वेगळा हवा. वेळेची मर्यादा प्रत्येक संस्थेची वेगळी असते, ती त्यांच्याच सूचनांत बघ. तीन मिनिटं दिली असली तरी तू दोनच मिनिटांचं बसव. घड्याळ लावून घरी दोन मिनिटं चाळीस सेकंद भरणारं स्वगत थांबे घेत नीट केलं की तीनच्या पुढे जातं, आणि मग मध्येच ‘थँक यू’ ऐकू येतं.

निवड करताना वय सांभाळ. एकोणिसाव्या वर्षी म्हाताऱ्या राजाचा आक्रोश नको. ज्यात पात्र नुसतं जुनं काहीतरी आठवत बसलंय, असा उताराही नको. त्या पात्राला आत्ता, या क्षणी काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि शेवटी ते सुरुवातीच्या जागी उरता कामा नये.

तू शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधलं व्हायोलाचं अंगठीचं स्वगत म्हणत होतीस, दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातलं. परीक्षक ते वारंवार ऐकतात, हे खरं. तरी तेच कर, कारण त्याच्या पंचवीस ओळींत एक मुलगी आपल्यासमोर विचार करते. मुलाच्या वेषातली व्हायोला मालकाचा प्रेमाचा निरोप घेऊन ऑलिव्हियाकडे जाऊन आली आहे. ऑलिव्हियाचा कारभारी तिला गाठतो, ‘तुझी अंगठी परत घे’ म्हणत ती जमिनीवर टाकून निघून जातो. व्हायोलाने अंगठी दिलेलीच नसते! म्हणजे स्वगताआधी तुझ्याकडे एक खरी घटना आहे. पहिला शब्द उच्चारण्याआधी तो माणूस जाताना बघ, मग अंगठी बघ. एवढे दोन सेकंद पुरेत.

मग पेन्सिलीने टप्पे पाड. आधी नुसता प्रश्न. मग ऑलिव्हियाचं टक लावून बघणं आठवतं. मग उलगडा होतो की ती माझ्या प्रेमात पडलीय. मग थोडी गंमत, तिची कीव, आपल्या वेषाचा राग. मग गुंता: मालकाचं तिच्यावर प्रेम, माझं मालकावर, तिचं माझ्यावर. शेवटी हात टेकणं. बहुतेक मुली इथे चुकतात. उलगडा तिसऱ्या टप्प्यावर व्हायचा असतो आणि चेहऱ्यावर तो पहिल्याच ओळीला दिसतो. प्रत्येक टप्प्यासमोर एक क्रियापद लिही, जसं शोधणं, पडताळणं, चिडवणं, दोष देणं, सोडून देणं. ‘दुःखी’, ‘आनंदी’ असं लिहू नकोस, त्याचा अभिनय करता येत नाही, फक्त तसा चेहरा करता येतो.

छंदाबद्दल. एका ओळीत साधारण दहा अक्षरावयव आणि पाच आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून आपल्या तोंडी ही ओळ सपाट होते. आघातावर मांडीवर थाप दे, चार दिवस थाप देत म्हण, मग थाप सोड. ओळ संपली म्हणून थांबायचं नाही, पण ओळीचा शेवटचा शब्द गिळायचाही नाही. शेवटी यमक आहे, तिथे गाऊ नकोस.

इंग्रज होण्याचा प्रयत्न करू नकोस, तुझे उच्चार तुझेच राहू देत. फक्त दोन ‘व’ वेगळे कर. ‘व्ह्यू’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, आणि ‘वॅक्सन’, ‘विकेडनेस’ म्हणताना ओठांचा चंबू, दात दूर. हे सगळे शब्द याच स्वगतात आहेत, सराव आपोआप होईल.

पाठांतर सपाट आवाजात कर, भांडी घासताना, झाडू मारताना. चाल लावून पाठ केलंस तर ती चाल पुढे निघत नाही.

पहिली फेरी बरेचदा व्हिडिओवर असते. फोन आडवा, मागचा कॅमेरा, भिंग डोळ्यांच्या उंचीवर, चौकट छातीपासून वर (पूर्ण उभं मागितलं असेल तर तसं). मागे इस्त्री केलेली करडी किंवा निळी चादर, तिच्यापासून तीन-चार फूट पुढे उभी राहा, नाहीतर सावली पडते. खिडकी तुझ्या समोर हवी, पाठीमागे नको. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. बारीक रेघांचा कुर्ता नको, स्क्रीनवर थरथरतो. नजर भिंगाच्या शेजारी बोटभर अंतरावर, थेट भिंगात नको, त्यांनी सांगितलं तरच. एकांकिकेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची तुला सवय आहे, इथे रांग हातभर अंतरावर आहे. मध्ये कट नको. चार-पाच टेक पुरे. त्यानंतर फक्त थकवा वाढतो. निवडताना एकदा डोळे मिटून ऐक, एकदा आवाज बंद करून बघ.

पुढच्या फेरीत ‘आता हेच झोपलेल्या मुलाशेजारी कुजबुजत कर’ असं काहीतरी सांगतील. पहिलं चुकलं म्हणून नव्हे, तू सूचना घेतेस का ते बघायला. दादाला रोज तीन विचित्र हुकूम द्यायला सांग, त्याला ते काम आवडेल. शब्द विसरलीस तर ‘सॉरी’ म्हणू नकोस, श्वास घे, व्हायोलाही विचारच करतेय. परीक्षकांपैकी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलू नकोस, त्यांना टिपणं काढायची असतात. आणि नाटक पूर्ण वाच, ‘हाच उतारा का?’ हे हमखास विचारतात.

वेळेचा घोळ घालू नकोस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार. इथले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात तुझे दुपारचे साडेतीन.

आधुनिक उतारा ठरला की कळव. व्हिडिओचा दुसरा टेक मला पाठव, पहिला नको. आईला सा. नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या