मंद्या, सही करायच्या आधी हे वाच

मंद्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सही करून नोकरी सोडणार म्हणतोस. "नोकरी सोडल्याशिवाय माणूस खरा आर्टिस्ट होत नाही रे" हे जे तू म्हणालास ना, ते काही केल्या पटेना, आणि फोनवर वाद घातला तर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस, लांबलंय जरा.

बोस्टन या अमेरिकन रॉक बँडची गाणी तू वाजवतोस, पण त्यांच्या गिटारिस्ट टॉम स्कोल्झची गोष्ट तुला माहितीये का? माणूस एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, मास्टर्स केलेला, पोलरॉइड कंपनीत प्रॉडक्ट डिझाइनला. लहानपणी पियानो शिकलेला, गिटार हातात घेतली ती विशीनंतर, म्हणजे तू जे "आपण उशिरा सुरू केलं" म्हणून रडतोस ते बंद कर. दिवसा ऑफिस, रात्री घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. पगार आला की मशिनं घ्यायची, बारा ट्रॅकचं टेपमशीन असंच आलं. बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवायचा, एकावर एक गिटार चढवत जायचा, गायला ब्रॅड डेल्प. डेमो, म्हणजे नमुन्याची रेकॉर्डिंग, सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांनी परत पाठवले. बरीच वर्षं हे चाललं आणि नोकरी चालूच होती.

मग सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या एपिक लेबलने घेतलं एकदाचं. पण अट काय, तर तळघरातलं चालणार नाही, प्रोफेशनल स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड करा. आणि त्याचा मित्र जिम मस्डिया, डेमोवर ज्याने ड्रम वाजवले, तो नको, दुसरा आणा. ड्रमरच्या बाबतीत हा नमला (मला ते अजून खटकतं), पण तळघर सोडेना. मग प्रोड्युसर जॉन बॉयलनने जे केलं ते ऐक, मला जाम आवडतं. बाकीच्या बँडला घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला, तिकडे एक गाणं रेकॉर्ड करत बसले, कंपनीला वाटतंय काम जोरात सुरू आहे, आणि इकडे बोस्टनजवळच्या वॉटरटाऊनला स्कोल्झ आपल्या तळघरात बहुतेक ट्रॅक वाजवतोय. काम झाल्यावर प्रॉव्हिडन्सहून रेकॉर्डिंगचा ट्रक मागवला, घरासमोर लावला, तळघराच्या खिडकीतनं जाडजूड केबल आत सोडली आणि सगळं चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतलं. गायकाचा आवाज आणि मिक्सिंग तेवढं लॉस एंजेलिसला. ऑगस्ट 1976 ला अल्बम आला आणि नुसत्या अमेरिकेत आजवर 17 मिलियनच्या वर गेलाय. 'मोअर दॅन अ फीलिंग'ची ती गिटार तू हजार वेळा वाजवली असशील, ती भाड्याच्या घराच्या तळघरातली आहे, कळलं का.

आता खरा मुद्दा. करार होता सहा वर्षांत दहा अल्बमचा. हा माणूस एकेका आवाजासाठी महिनोन्‌महिने घालवणारा, दहा कुठनं देणार? दुसरा अल्बम 1978 मध्ये आला, नंबर वनला गेला, पण स्कोल्झ कायम म्हणत आलाय की कंपनीच्या घाईपायी तो पूर्ण व्हायच्या आधीच बाहेर पडला. तिसऱ्याला ठरवलं, माझं समाधान होईपर्यंत देणार नाही. 1983 मध्ये सीबीएसने थेट केस टाकली, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला त्याचा वाटा, अडवली. अशा वेळी तू किंवा मी काय केलं असतं? घरभाडं आठवून गपचूप टेप नेऊन दिली असती.

याने काय केलं होतं माहितीये, 1980 मध्येच स्वतःची छोटी कंपनी काढून ठेवली होती. पहिलं प्रॉडक्ट पॉवर सोक. तुला वेगळं सांगायला नको, ट्यूबवाला गिटार अँप्लिफायर फुल केल्याशिवाय तो टोन येत नाही आणि फुल केला की तुझ्या खालचे जोशीकाका जिन्यात उभे. हा डबा अँप आणि स्पीकरच्या मधे लावायचा, जास्तीची पॉवर तो उष्णता करून घालवतो, टोन तोच आणि आवाज कमी. नंतर रॉकमन, वॉकमनसारखा पट्ट्याला अडकवायचा, हेडफोन लावायचे, डिस्टॉर्शन, कोरस, एको सगळं आत. लोकांनी धडाधड घेतले. डेफ लेपर्ड बँडच्या 'हिस्टेरिया' अल्बमवरच्या गिटारी त्याच रॉकमनमधनं गेल्यात, म्हणजे ऐंशीच्या दशकातला तो गुळगुळीत गिटारचा आवाज, तुला आवडत नाही तो, त्याचं खापर या इंजिनिअरवर फोड. पण त्याच पैशावर घर चाललं, स्टुडिओ चालला, वकील पोसले गेले. तो टिकला तो बंडखोर होता म्हणून नाही, डबे विकत होता म्हणून, असं माझं सरळ मत आहे.

तिसरा अल्बम 'थर्ड स्टेज' 1986 मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर आठ वर्षांनी, सीबीएसच्या नाकावर टिच्चून एमसीए या दुसऱ्या कंपनीकडून. त्यातलं 'अमांडा' व्हिडिओ न काढता नंबर वन झालं, आणि तेही एमटीव्ही जोरात असताना! ड्रमवर कोण, तर तोच मस्डिया, परत बोलावलेला. 1990 मध्ये सीबीएसच्या केसमध्ये ज्युरीचा निकालही स्कोल्झच्या बाजूने लागला.

पण फार हुरळू नकोस. तोवर मूळ बँडमधले तो आणि डेल्प सोडून सगळे गेलेले, काहींशी पुढे कोर्टबाजी पण झाली. एकट्याच्या हातात सगळं असलं की बाकीच्यांनी वाट तरी किती बघायची? आणि मला विचारशील तर 1994 चा चौथा अल्बम तेवढा जमलेला नाही, तेव्हा "वेळ दिला की चांगलंच होतं" हेही खरं नाही. अडवणारं कुणी नसलं की माणूस एकच सोलो घासत बसतो. तू बसतोसच की आत्ता पण!

तर तुझ्या त्या लेबलवाल्यांच्या कागदात किती वर्षांत किती गाणी द्यायची असं कलम आहे का बघ, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाकडे राहणार ते बघ, आणि "स्टुडिओ कंपनी ठरवेल" असलं काही बारीक अक्षरात लपलंय का तेही. पानांचे फोटो नीट उजेडात काढून पाठव, माझी मामेबहीण वकील आहे, ती रविवारी घरी येतेय, तिच्याकडून वाचून घेतो. आणि राजीनाम्याचा मेल एचआरला गेला नसेल तर निदान तोवर ड्राफ्टमधेच असू दे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या