खिडकीमागच्या काकांना, तिकीटवाल्यांकडून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरून निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्यातल्या निम्म्या लोकांना समोर बसवून तिकिटाचं काम शिकवलंत, आणि त्याचा पैसा कधी घेतला नाहीत. तोंडी आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर इथली एजंट मंडळी मिळून लिहितो आहोत. धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांच्याही उपयोगी पडावं म्हणून तपशील जरा जास्तच घातला आहे.

मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता, तेव्हा मराठवाड्यातून मुंबई गाठायची तर मनमाडला गाडी बदलावी लागे. प्रत्येक स्टेशनाचा बर्थचा कोटा ठरलेला आणि तो हातानं लिहिलेल्या रजिस्टरात. पुढच्या गाडीचं आरक्षण हवं असेल तर तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची. कोणत्या स्टेशनाला कोणत्या गाडीत किती बर्थ आहेत, हे ज्याला पाठ तोच खरा एजंट. बाकीचे नुसते रांगेत उभे राहणारे. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं, संगणक आले, आणि ते पाठांतर एका फटक्यात निकामी झालं. अनेकांना वाटलं, संपलं आता. तुम्ही मात्र सांगितलंत की पाठांतर गेलं तरी आरक्षणाचा फॉर्म राहिला आहे, आणि चुका फॉर्मातच होतात.

ते खरंच होतं. एका फॉर्मवर सहाच प्रवासी. सातवं माणूस वेगळ्या फॉर्मवर, म्हणजे वेगळ्या पीएनआरवर. मग लग्नाच्या वऱ्हाडातली आजी एका डब्यात आणि नातवंडं दुसऱ्या. तिकीट मागच्या स्टेशनापासून काढून चढायचं ठिकाण पुढचं टाकलं, तर प्रवाशाला बजावून सांगायचं की आता मूळ स्टेशनावर चढण्याचा हक्क गेला. आणि ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते चार्ट लागताच आपोआप रद्द होतं; खिडकीवरच्या वेटिंग तिकिटासारखं खिशात घालून गाडीत बसता येत नाही. हा फरक न सांगितल्यामुळे जितकी भांडणं झाली, तितकी भाड्यावरूनही झाली नसतील.

विमानाची तिकिटं हा तुमचा प्रांत नव्हता, तरी कोरा तिकीटसाठा कसा सांभाळायचा ते तुम्हीच शिकवलंत. कागदी तिकीट म्हणजे कार्बनच्या कूपनांची गड्डी: एक हिशेबाचं, एक एजंटाचं, उड्डाणांची, आणि शेवटी प्रवाशाची पावती. रेल्वेतल्या कार्ड तिकिटासारखाच प्रत्येकाला नंबर. तिकीट बिघडलं तर फाडायचं नाही. सगळी कूपनं एकत्र टाचून ‘रद्द’ लिहून ठेवायची. उड्डाणाचं एक कूपन जरी हरवलं, तरी काही महिन्यांनी विमान कंपनीचा डेबिट मेमो, म्हणजे वसुलीची चिठ्ठी, येई आणि पैसे दुकानातून जात. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांना आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, मान्यता नव्हतीच. तिकिटं पुण्या-मुंबईच्या मोठ्या एजन्सीतून यायची, कधी कुरियरनं तर कधी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ पाकिटातून. 1 जून 2008 पासून आयाटानं कागदी तिकीट बंद केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला बड्या विमान कंपन्यांनी कमिशनही शून्यावर आणलं. धंद्याचा खरा कणा तेव्हा मोडला. इंटरनेटला उगीच सगळा दोष दिला जातो. गिऱ्हाइकाकडून उघडपणे ‘आकार’, म्हणजे आपल्या कामाचे पैसे, मागायला आम्ही लाजत होतो. पावतीवर वेगळ्या ओळीत लिहा, लपवाल तर चोरी वाटेल, हा सल्ला तुमचा.

नावांबद्दल तर तुमचे उपकार फार. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. विमानाच्या तिकिटावर आडनाव आधी, मग तिरपी रेघ, मग नाव. लग्नानंतर सासरचं नाव लावणाऱ्या बाईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो आणि तिकीट मात्र आधार कार्ड पाहून काढलं जातं. विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि नावातली मोठी चूक बहुधा नव्या तिकिटाच्या भावात पडते. म्हणून पासपोर्टची झेरॉक्स समोर असल्याशिवाय परदेशाचं तिकीट काढायचं नाही, आणि मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने पुढे आहे का ते आधी पाहायचं. आखाती देशांत मजुरीला निघालेल्या, दहावी न झालेल्या पोराच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची, म्हणजे निघण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची, अट असते, हेही तुम्ही बजावून सांगितलंत. तिकीट विकणं वेगळं आणि नोकरीला माणसं पाठवणं वेगळं; दुसऱ्या कामासाठी 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी लागते. या एका वाक्यामुळे कितीतरी दुकानं कोर्टकचेरीपासून वाचली.

सहलींचं थोडक्यात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आमच्या प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर तुमच्यामुळे लिहिलेलं आहे. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढे तिथल्या बसनं जावं लागतं. तो वेळ कार्यक्रमात धरला नाही तर परतीची गाडी चुकते. चारधामला मोठी बस हरिद्वारच्या पुढे नेण्याचा हट्ट धरायचा नाही. तिथे लहान गाड्या घ्यायच्या, आणि गाडीचं ग्रीन कार्ड (डोंगरात चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), ट्रिप कार्ड (त्या फेरीचा परवाना) व यात्रेकरूंची नोंदणी हातात आल्यावरच पुढच्या मुक्कामाचे पैसे भरायचे.

आता वहीबद्दल. तुम्ही आखून दिलेल्या वहीत दहा रकाने: तारीख, पीएनआर, मूळ भाडं, कर, आपला आकार, प्रवाशाकडून आले, पुढे भरले, रद्द केल्याची तारीख, परतावा आला, परतावा दिला. शेवटचे दोन रकाने वेगळे कशाला, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं. मार्च 2020 ला विमानं थांबली, तेव्हा कारण कळलं. कंपन्यांनी रोख परत देण्याऐवजी ती रक्कम क्रेडिट म्हणून एजंटाच्या खात्यात अडकवून ठेवली. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, त्यात एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा एजंटाच्या हातून प्रवाशापर्यंत पोहोचवायचा होता. ज्यांच्या वहीत ‘आला’ आणि ‘दिला’ वेगळे होते, त्यांनी प्रत्येक रुपया नावानिशी परत केला. ज्यांनी पोर्टलच्या वॉलेटमध्ये सगळं एकत्र ठेवलं, त्यांना कुणाचं काय हेच सांगता येईना.

तीच वही जीएसटीतही कामी आली. विमान तिकिटावर एजंटाला देशांतर्गत मूळ भाड्याच्या 5 टक्के आणि आंतरराष्ट्रीय भाड्याच्या 10 टक्के रक्कम करपात्र मूल्य म्हणून धरता येते. मूळ भाडं 4,000 असेल तर मूल्य 200, त्यावर 18 टक्के म्हणजे 36 रुपये. पण मूळ भाडं आणि कर वेगळे लिहिलेले नसतील तर हे गणित मांडणार कशावर? करसल्लागारानं मागितलं ते तुम्ही आधीच आखून ठेवलं होतं.

तुमच्या त्या वहीवरून केलेली टिपणं आम्ही एकत्र छापायला घेतली आहेत. काही पानं नव्यानं लिहावी लागली. आरक्षण आता 120 नव्हे तर 60 दिवस आधी उघडतं. जुलै 2025 पासून ‘तात्काळ’ आरक्षण उघडल्यावर पहिली 30 मिनिटं एजंटाला तिकीट काढता येत नाही. वातानुकूलितचं 10:30 नंतर, बाकीचं 11:30 नंतर. ओटीपीही लागतो, म्हणून प्रवाशाचाच चालू मोबाइल नंबर घ्यायचा, आणि तो त्या वेळी रेंजमध्ये असेल याची खात्री करायची. ही पानं या पत्रासोबत पाठवली आहेत. छापायला देण्याआधी लाल पेन घेऊन एकदा तपासून द्यावीत, ही विनंती. तात्काळच्या पानावर समास मोठा ठेवला आहे.

आपले नम्र,
मराठवाड्यातले तिकीटवाले